परसातला मांगर : प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

जागा नक्की केली. विहिरीच्या पलीकडे, फणसाच्या उत्तरेला, दोन्ही माडांपासून लांब. माडाखाली कौलारू छप्पर घातलं की दर वर्षी नारळाने कौलं फुटतात, त्यामुळे ती सावलीची जागा मोहात पाडत होती तरी सोडली.

मांगर म्हणजे आमच्याकडे परसात नाहीतर बागेत असलेलं कामाचं छोटं घर. गवत, अवजारं, पातेरा (वाळका पालापाचोळा) ठेवायचा असतो तसा. मला तो सुतारकामासाठी हवा आहे. आत्तापर्यंत पडवीत काम केलं, पण पावसाळ्याचे चार महिने तिथे रंध्याचं पातं एका रात्रीत गंजतं आणि फळ्या सादळतात.

माप १२ फूट बाय १६ फूट, खांबाच्या मध्यापासून खांबाच्या मध्यापर्यंत. हे माप मुद्दाम घेतलं. काटकोन बरोबर असला तर कर्ण नेमका २० फूट येतो, आणि सूत धरून दोन माणसांना तो कधीही तपासता येतो. आढं दक्षिणोत्तर. आमच्याकडे पाऊस नैऋत्येकडून तिरका मारतो, म्हणून पश्चिमेला पाखं (छपराची उतरती बाजू) आणि लांब वळचण, दक्षिणेची बाजू फळ्यांनी बंद, दार आणि मोठी खिडकी उत्तरेला. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो, रेघ आखायला तोच चांगला.

सांगाडा पूर्ण लाकडाचा आणि सांध्यांचा. सिमेंटचे खांब आणि वर पत्रा हा पर्याय घरात सगळ्यांनी सुचवला. स्वस्त आहे, पटकन होतो. पण लाकूड मिळतंय, आणि कुठून मिळतंय हे पुढच्या नोंदीत लिहिते.

१७ नोव्हेंबर

वेंगुर्ला तालुक्यातलं मामाचं घर उतरवायला घेतलं आहे. मामेभावंडांना तिथे स्लॅबचं घर बांधायचं आहे आणि त्यांची अडचण मला समजते. दर वर्षी कौलं परतायला माणूस मिळत नाही, माकडं कौलं उलथून टाकतात, वाळवीवर लक्ष ठेवायला घरात कायम कुणी राहत नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की लाकूड जळणाच्या भावाने जाऊ नये. आईनाचे खांब आणि तुळया, सागाच्या फळ्या, किंजळीचे वासे. असं लाकूड आज बाजारात विकत घ्यायला गेलं तर परवडणार नाही, आणि एवढं जुनं, सुकून स्थिर झालेलं तर मिळणारच नाही. भावाने लगेच हो म्हटलं. उरलेलं सगळं लाकूड आणि कौलं मला दिली.

उतरवताना मेस्त्री बरोबर होते. शेजारच्या गावचे सुतार, सत्तरी ओलांडलेले, माझ्या आजोळच्या घराची दोन वेळा डागडुजी त्यांनीच केलेली. मजूर घण घेऊन खांबावर चढायला लागला तेव्हा त्यांनी त्याला खाली बोलावलं. "बडवू नको. खुंटी काढ, आपणच सुटात." आणि सुटलं. लगीला (खांबांच्या डोक्यावरून लांबीत जाणाऱ्या आडव्या लाकडाला) खालून थोडा टेकू दिला, गोल खुंटी मागून ठोकून बाहेर काढली, आणि इतक्या वर्षांचा सांधा हाताने हलवून मोकळा झाला. खिळा असता तर लाकूड फाटलं असतं. ते बघितल्यावर माझ्या मनातला आराखडा पक्का झाला. माझा मांगरही असाच सुटायला हवा. माझ्यानंतर कुणाला इथे दुसरं काही बांधावंसं वाटलं, तर ही लाकडं तिसऱ्यांदा उभी राहू शकतील.

वाहतुकीबद्दल एक कामाची गोष्ट. लाकूड जुनं, घरातलं, तरी साग आणि आईन टेम्पोत घालून रस्त्याने न्यायचं तर आधी वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्यावं. ग्रामपंचायतीचा घर उतरवल्याचा दाखला, मालकाचं संमतिपत्र आणि लाकडांची मापांसह यादी नेली. पास मिळाल्यावरच टेम्पो हलवला.

२४ नोव्हेंबर

लाकडं परसात ओंडक्यांवर रचली, प्रत्येक थरात पट्ट्या घालून, वर जुनी झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या). जमिनीला एकही लाकूड लागलेलं नाही.

आज खांब धुताना डोक्याशी पटाशीचे घाव दिसले. एका खांबावर एक उभा घाव, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. तुळयांच्या टोकाला तसेच घाव, शेजारी एक तिरका. मी मेस्त्रींना फोन केला तर ते संध्याकाळी सायकल काढून आलेच. त्यांनी बोट फिरवून वाचून दाखवलं. उभे घाव म्हणजे कितवा खांब, पूर्वेकडून मोजायचं. तिरका घाव म्हणजे ओसरीच्या बाजूचं टोक. सुताराने जे कुसू (लाकडाच्या टोकाला कोरलेली जीभ) ज्या सालीत (ती जीभ बसायच्या खाचेत) बसवलं, त्या दोघांवर सारखी खूण. पूर्वी सांगाडा जमिनीवर आडवा जुळवून बघत, खुणा करत, सुटा करत आणि मग उभा करत. हातानं कोरलेली दोन सालं कधी तंतोतंत सारखी नसतात, त्यामुळे जोडी बदलली तर सांधा ढिला पडतो.

सुताराचं नाव घरात कुणालाच माहीत नाही. आजोबांच्या वह्यांत भाताचा हिशोब आहे, देवळाची वर्गणी आहे, सुताराला दिलेले पैसेही आहेत, पण लिहिलंय फक्त "सुतार". मला हे फार लागलं. जुन्या खुणा रंधून काढायच्या नाहीत असं ठरवलं. नवे सांधे त्यांच्या शेजारी येतील, नव्या खुणा वेगळ्या दिशेने.

८ डिसेंबर

निवड. या कामाला घाई चालत नाही आणि मला ते फार आवडलं.

आधी लोहचुंबक. जुन्या स्पीकरमधला मोठा चुंबक दोरीला बांधून प्रत्येक लाकडावरून फिरवला. तुटलेले खिळे आत बुजलेले असतात, वर काही दिसत नाही, आणि करवतीचं पातं गेलं की मग कळतं. आईनात लोखंडाभोवती काळा डाग पडतो, तोही माग देतो.

मग आवाज. हातोडीने हलकं वाजवत गेलं की धड लाकूड टणटणतं, पोकळ झालेलं बद्द वाजतं. मग दाभण. कडेचं पांढरं लाकूड बहुतेक ठिकाणी भुंग्याने पीठ केलंय, दाभण लोण्यासारखी जाते. ते वाकसाने तासून काढलं की आतला गाभा दगडासारखा. सहा इंची खांब तासून कुठे साडेपाच, कुठे पावणेसहा राहिले. पुरेसे आहेत.

सगळ्यात वाईट अवस्था खांबांच्या पायथ्याची आणि भिंतीत दडलेल्या टोकांची होती. उघड्यावर, वाऱ्यात राहिलेला भाग नव्यासारखा. मेस्त्री म्हणाले, "लाकडाक पावसाचा भय नाय गो बाय. कोंडलेल्या पाण्याचा भय." ओलं झालं आणि सुकलं तर काही बिघडत नाही. ओलं राहिलं की बुरशी, आणि बुरशीमागून वाळवी. आता आराखड्यातली प्रत्येक जागा मी याच प्रश्नाने तपासते आहे. इथे पाणी थांबेल का? थांबलं तर सुकायला वारा येईल का?

खांबांचे कुजलेले पाय कापून टाकले. जुने खांब दहा फुटांचे होते, मला आठ फूट पुरतात, म्हणून कुठेही जोड द्यावा लागला नाही.

दारं आणि कामाचा ओटा फणसाचा. परसातला एक फणस दोन वर्षांपूर्वी तोडावा लागला होता, घराकडे कलला होता. तोडायला रीतसर परवानगी काढली होती; महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत साग, आईन, किंजळ, आंबा यांच्याबरोबर फणसही आहे आणि झाड स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी परवानगी लागते. तेव्हाच चिरून दीड इंची फळ्या रचून ठेवल्या होत्या. इंचाला एक वर्ष हा सुतारांचा सुकवण्याचा हिशोब. ताजा पिवळाधमक रंग आता मधासारखा झालाय.

२२ डिसेंबर

जोतं. दोन फूट खोल पाया, जांभ्याचे चिरे, जमिनीपासून दीड फूट वर. चिरा खाणीतून निघतो तेव्हा तासायला मऊ असतो आणि वाऱ्यावर टणक होत जातो, म्हणून गवंड्याने ते आधी आणून पंधरवडाभर उघड्यावर ठेवायला लावले. कर्ण दोन्हीकडून २० फूट, सुताभराचाही फरक नाही. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतारांसाठी बराच मोठा.

आतली जमीन मुरुमाची, धुमसाने ठोकून. फरशी घालणार नाही. पटाशी हातातून निसटली तर मुरुमावर धार वाचते, फरशीवर टवका उडतो. आणि उभं राहून काम करताना पाय दुखत नाहीत.

५ जानेवारी २०२५

उथळे बसले. खांबाखालचा दगड. हे सहा दगड या सगळ्या कामाचा जीव आहेत, म्हणून थोडं सविस्तर.

खांब थेट जोत्यावर ठेवला तर चिरा पावसाळाभर ओला राहतो आणि खांबाचं तोंड ते पाणी वर ओढतं. लाकूड आडवं पाणी फारसं पीत नाही, पण कापलेल्या तोंडाने खूप पितं. म्हणून मध्ये काळा दगड, त्यातून पाणी चढत नाही. जोत्याच्या वर सहा इंच. दगडाचा माथा पाथरवटाकडून मधे किंचित उंच, कडेला उतरता करून घेतला. त्याने आधी सपाट माथा आणि मधे भोक असं सुचवलं होतं, खांबाचं कुसू त्या भोकात बसतं म्हणून. पण दगडातलं भोक पावसाळ्यात पाण्याची वाटी होते. आम्ही उलट केलं. दगडात १२ मिलिमीटरची जस्त चढवलेली सळई शिसं ओतून उभी केली, आणि भोक खांबाच्या पोटात, खालून वर. पाणी वर चढून भोकात जात नाही.

सळई वाऱ्यासाठीही आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा हलकी छपरं अख्खी उचलली गेली. कौलारू छप्पर जड असतं, सहसा उडत नाही, पण खांब पायातून सरकू शकतो.

१९ जानेवारी

सांधे. मेस्त्री आठवड्यातून काही दिवस येतात, बाकी वेळ मी एकटी.

आखणी सुताने. सूत काव कालवलेल्या पाण्यात भिजवायचं, दोन्ही टोकं खुणेवर धरायची, मधे चिमटीत उचलून सोडायचं. सरळ लाल रेघ. जुनं लाकूड कुठेच काटकोनात नाही, वाकलेलं, पिळलेलं, म्हणून कडेवरून माप घेता येत नाही. प्रत्येक लाकडाच्या मधोमध एक सूत मारायचं आणि सगळी मापं त्या रेघेपासून. एकदा हे समजलं की वाकडं लाकूडही सरळ सांगाड्यात बसतं.

खांबाच्या डोक्याला कुसू, दीड इंच जाड, चार इंच उंच. तुळईच्या पोटात त्याच मापाची साल. साल आधी गिरमिटाने भोकं पाडून मोकळी करायची, मग पटाशीने भिंती सरळ. माझ्याकडे विजेचं ड्रिल आहे आणि ते वापरलंच, पण शेवटचा सूतभर हातानेच. आईनाचे तंतू आडवे-तिडवे असतात, पटाशी उलट्या अंगाने गेली तर ढलपी उडते. "धार बघ, जोर नको," हे मेस्त्रींचं एकच वाक्य. दर अर्ध्या तासाने दगडावर पटाशी फिरवते.

तुळई पाच बाय सात इंच, १३ फूट. तीन घनफुटांहून थोडी जास्त. सुकं आईन घनफुटाला साधारण २४ किलो धरलं तर एक तुळई ७५ किलोच्या आसपास, खांब ४०-४५ किलोचा. दोन खांब, एक तुळई, दोन तिरके आधार, अशी एक चौकट २०० किलोच्या आत बसते. अशा तीन चौकटी. आठ-दहा माणसं ती सहज उभी करतील, क्रेन नको.

तिरक्या आधारांबद्दल मेस्त्रींचं आणि माझं मत वेगळं होतं. कोकणातल्या जुन्या घरांत ते सहसा नसतात, कारण जाड मातीच्या नाहीतर चिऱ्याच्या भिंती सांगाड्याला धरून ठेवतात. माझ्या मांगराला वरपर्यंत भिंती नाहीत. चौकट चौकोनी आहे, आणि चौकोन ढकलला की कलतो. तिरका आधार घातला की त्रिकोण होतो, तो कलत नाही. काड्यांचा छोटा नमुना करून त्यांना दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन बराच वेळ हलवून बघितला आणि म्हणाले, "व्हय तर. घालूया." दुसऱ्या दिवशी येताना आधारांसाठी शिवणीच्या लाकडाचे नैसर्गिक बाक असलेले दोन तुकडे घेऊन आले, स्वतःच्या अंगणातले.

९ फेब्रुवारी

खुंट्या. आईनाच्या उरलेल्या गाभ्यातून. त्या करवतीने कापायच्या नाहीत, कोयत्याने फोडायच्या, म्हणजे तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहतात. कापलेल्या खुंटीत तंतू तिरके तुटतात आणि ठोकताना ती मधेच मोडते. मग चाकूने आठ कडा, एक टोक निमुळतं.

भोकाची युक्ती अशी. सालीच्या दोन्ही बाजूंनी आरपार भोक पाडायचं, कुसू आत घालून भोकाची खूण कुसूवर घ्यायची, मग कुसू बाहेर काढून त्या खुणेपासून एक सूत खांद्याच्या दिशेने सरकवून भोक पाडायचं. खुंटी ठोकली की ती भोकं सरळ करायला बघते आणि सांधा स्वतःच आवळला जातो. लाकूड पुढे आक्रसलं तरी ताण राहतो. मामाच्या घराची खुंटी एवढी घट्ट का होती ते आता हाताला कळलं.

२ मार्च

सांगाडा उभा राहिला.

सकाळी वाडीतली माणसं आली. कुणाला बोलावणं पाठवावं लागलं नाही, आदल्या दिवशी चौकटी जोत्यावर आडव्या मांडलेल्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. थोरल्या काकांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या देवाला, जागेवाल्याला सांगणं घातलं की ह्या लेकराने हे काम हाती घेतलंय, करणाऱ्याच्या हाताला इजा होऊ देऊ नको, आणि सगळ्यांनी एका आवाजात "व्हय म्हाराजा". मी एरवी फार देवाधर्माची नाही. पण डोक्यावर पाऊण क्विंटलची तुळई उचलण्याआधी दहा माणसांनी एक आवाज देणं याला कामातही अर्थ आहे, पुढची प्रत्येक उचल त्याच तालावर झाली.

दक्षिणेची चौकट आधी. दोन माणसं पायाशी पहारी लावून, खांब सळईवरून घसरू नये म्हणून. बाकीचे तुळईशी. कमरेपर्यंत हाताने, पुढे बांबूच्या कैच्यांनी (वरच्या टोकाशी फुलीत बांधलेल्या बांबूंनी), मागून दोन दोर ताणून, पलीकडे जाऊ नये म्हणून. सळया पोटात गेल्याचा आवाज आला, मेस्त्रींनी ओळंबा धरला. टेकू मारले. मग मधली, मग उत्तरेची. दुपारपर्यंत तिन्ही उभ्या.

वरच्या लगी दोन तुकड्यांच्या, जोड मधल्या खांबाच्या बरोबर वर. तिरकं कापून एकमेकांवर बसवलेला लांब सांधा, दोन खुंट्या. लग बसली आणि तोपर्यंत हाताने हलवली तर डुलणारी चौकट एकदम स्थिर झाली. मी खांबाला खांदा लावून ढकललं, काही हललं नाही.

आढ्याला आंब्याचा टाळ (डहाळी) बांधला. जेवायला सगळ्यांना घरी. काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे, सोलकढी.

२३ मार्च

वासे. छपराचा उतार सहा फुटांना चार फूट, म्हणजे ३४ अंशांच्या जवळ. याहून सपाट छप्पर आमच्या पावसात कौलांना झेपत नाही, वाऱ्याने पाणी उलटं वर चढतं. वासा १० फूट ३ इंच, त्यातला तीन फूट भाग वळचणीचा. वळचण भिंतीपासून अडीच फूट बाहेर येते. जुने किंजळीचे वासे पुरले, फक्त तीन नवे घ्यावे लागले.

कापलेल्या सगळ्या तोंडांना आणि खांबांच्या पायांना काजूच्या टरफलाचं तेल. आमच्या भागात काजूचे कारखाने आहेत, तिथे हे मिळतं. होड्यांना, जाळ्यांना, घरच्या लाकडाला पूर्वापार लावतात, वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. कातडीला लागलं तर मात्र भाजल्यासारखे फोड येतात. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, डोळ्यांना चष्मा.

आतल्या बाजूला जवसाचं तेल. इथे एक सूचना मनापासून. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती कोंडली तर फडकं आपोआप पेट घेतं. भुसा आणि ढलप्यांनी भरलेल्या जागेत तर विचारच नको. मी ती दोरीवर एकेक पसरून सुकवते आणि मग चुलीत घालते.

१३ एप्रिल

कौलं. मामाच्या घराचीच मंगलोरी. काहींच्या पाठीवर बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा छाप अजून स्वच्छ वाचता येतो. मंगळूरला ही कौलं पाडायला सुरुवात या मिशनने एकोणिसाव्या शतकात केली आणि तिथून ती गलबतांतून आमच्या बंदरांना उतरली. वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत, खाचा थोड्या फरकाने असतात. म्हणून छापानुसार ढीग लावले आणि एका पाख्यावर एकाच छापाची घातली. प्रत्येक कौल बोटाने वाजवून. तडकलेलं कौल चटकन ओळखू येतं, आवाज फुटका येतो.

दोन्ही पाखी मिळून सुमारे ३९० चौरस फूट, शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौलं. अडीच किलोचं एक धरलं तर जवळपास दीड टन, आणि भिजल्यावर आणखी. सांगाड्यावर हे वजन दोन्ही बाजूंनी सारखं चढायला हवं, म्हणून दोघे जण दोन पाख्यांवर, ओळीला ओळ.

रिपांचं (कौलं अडकवायच्या आडव्या पट्ट्यांचं) अंतर पुस्तकातून घेतलं नाही. दहा कौलं जमिनीवर एकात एक घालून एकदा पूर्ण ताणली, एकदा पूर्ण दाबली, दोन्ही लांब्यांची सरासरी काढून दहाने भागलं. जुन्या कौलांना हाच उपाय. वळचणीच्या आणि दोन्ही टोकांच्या ओळी पोटाशी असलेल्या भोकातून तांब्याच्या तारेने रिपेला बांधल्या, वारा तिथूनच शिरतो. उत्तरेच्या बाजूला ओट्यावर चार काचेची कौलं. आढ्यावरची कौलं चुन्याच्या मसाल्यात. नुसत्या सिमेंटचा लेप उन्हाने तडकतो.

४ मे

भिंती. खालचे तीन फूट जांभा, खांबाला न चिकटवता, मधे एक इंच फट. चिरा खांबाला लागला तर पुन्हा तीच कोंडलेल्या पाण्याची गोष्ट. वर फणसाच्या आणि जुन्या सागाच्या फळ्या, उभ्या, सांध्यावर पट्टी. पट्टी एकाच फळीला ठोकली आहे, म्हणजे दुसरी फळी फुगली-आक्रसली तरी मोकळी. लगीच्या वर छपरापर्यंतची जागा जाळी लावून उघडी ठेवली.

वीज स्वतंत्र लाइनवर, अर्थिंग वेगळं. वायरमनने पूर्ण केलं.

२१ मे

कालपासून धो धो पाऊस. मे महिन्याच्या मध्यात असा पाऊस इथे कुणी गृहीत धरत नाही. वळवाची सर येते, तासाभरात जाते. हा थांबायलाच तयार नाही. दक्षिणेच्या बाजूच्या शेवटच्या फळ्या अजून लागायच्या होत्या. ताडपत्री बांधली. आत कौलांतून एक थेंब नाही.

२६ मे

हवामान खात्याने काल जाहीर केलं की मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोचला. नेहमीपेक्षा दहा-बारा दिवस आधी. दक्षिणेच्या फळ्या दोन सरींच्या मधल्या उघडिपीत लावून टाकल्या. वाडीत अर्ध्या घरांची कौलं परतायची राहिली आहेत, मेस्त्री आणि मी दुपारनंतर तिकडेच असतो. उरलेली जुनी कौलं शेजारी वाटून दिली.

१३ जुलै

पावसाळ्यातली पहिली नीट तपासणी.

वळचणीसकट छपराची आडवी व्याप्ती ३० चौरस मीटर. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि जुलैत तो पडतोच, तर त्या दिवशी छपरावरून ३००० लिटर पाणी खाली येतं, दोन्ही बाजूंना दीड-दीड हजार. पागोळ्यांच्या रेघेखाली नदीचे गोटे पसरले होते, त्यामुळे माती उडत नाही. ओल्या शिंतोड्यांची रेघ जांभ्यावर खालपासून एक फुटापर्यंत आहे, लाकडापर्यंत कुठेही नाही. उथळ्यांचे माथे पाऊस उघडला की अर्ध्या तासात कोरडे होतात. खांबांच्या पायाशी दाभण लावून बघितली, टणक.

फणसाचं दार फुगलं आणि उंबऱ्याला घासतंय. आत्ता रंधा मारणार नाही. भाद्रपदानंतर सुकलं की फट पडेल. पावसाळा संपेपर्यंत बिजागरीखाली चकती घालून वर उचललंय.

हत्यारं गंजलेली नाहीत. वरची उघडी जाळी आणि खालची फट, दोन्हींतून वारा सतत खेळतो. पटाश्या तेलपट्टीत गुंडाळून सागाच्या पेटीत.

खुंट्या एकेक करून ठोकून पाहिल्या. सगळ्या घट्ट. लगीच्या जोडात मात्र केस जाईल एवढी फट आहे, ती सांगाडा उभा केला तेव्हाही होती. पेन्सिलीने तारीख घालून दोन्हीकडे रेघ मारली आहे, हिवाळ्यात लाकूड सुकल्यावर पुन्हा मोजीन.

१७ ऑगस्ट

गणपती २७ तारखेला. घरातली माटवी (गणपतीच्या वर टांगायची लाकडी चौकट) जुनी, वाळवीने खाल्लेली, कितीतरी वर्षं काथ्याने बांधून चालवत होतो. नवी करायला घेतली. मामाच्या घराच्या रिपांतून, चार फूट बाय तीन, कोपऱ्यांना अर्ध्यात अर्धा बसवलेले सांधे आणि बांबूच्या खुंट्या. कवंडाळ, सुपारीचे शिपटे, नारळ, काकड्या, सगळ्यांचं वजन धरून मधे दोन आडव्या पट्ट्या जास्त घातल्या.

मेस्त्रींना डोळ्यांचा त्रास वाढलाय, बारीक काम दिसत नाही. आज त्यांचा नातू बरोबर आला होता. दहावी झाली, आयटीआयला सुतारकामाला नाव घातलंय. त्याला सालीची आखणी दाखवली. आजोबा ओट्यावर बसून आवाजावरून सांगत होते की पटाशी उलट्या अंगाने चाललीय. पुढच्या रविवारपासून तो इथे येणार आहे. दुसरा ओटा लागेल, उत्तरेच्या खिडकीखाली साडेपाच फुटांची जागा मोजून ठेवली. फणसाच्या तीन फळ्या शिल्लक आहेत.